मारुहुबीची आमराई

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर, स्टोन टाऊन या जुन्या गावातून बुबुबूच्या रस्त्याने उत्तरेला निघालं, की चारेक किलोमीटरवर डाव्या हाताला समुद्राकडे एक वाट वळते. वाटेच्या दोन्ही अंगांना आंब्याची जुनी, उंच झाडं आहेत. पुढे मोकळ्या जागेत जाडजूड गोल खांबांच्या रांगा उभ्या आहेत, कवेत न मावणारे, वर काहीही नसलेले खांब. मागे हमामखान्याच्या भिंती, दगडी पाटाचे तुकडे, एक मोठं टाकं. समोर हिंदी महासागर, आणि वाळूवर दुरुस्तीला ओढून ठेवलेली लाकडी गलबतं. मारुहुबीचा महाल म्हणून आज दाखवतात तो एवढाच.

हा महाल सुलतान बरगश बिन सईदने १८८० ते १८८२ या काळात बांधला, आणि १८९९ साली तो जळाला. म्हणजे पुरी वीस वर्षंही तो उभा नव्हता. झाडं त्याच्या कितीतरी पट जगली.

मी कामानिमित्त काही वर्षं दार-ए-सलामला होतो. तिथून बोटीने झांझिबारला जायला दोन तास पुरतात, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना घेऊन जाणं ओघानेच यायचं. पाहुण्यांना स्टोन टाऊनचे नक्षीदार दरवाजे हवे असत, लवंगांचे मळे हवे असत, किनारा हवा असे. मारुहुबीत बहुतेकांचं दहा मिनिटांत आटपायचं. माझं कधीच आटपलं नाही. कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्राकाठची आमराई नुसती ओलांडून जाता येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे या महालाच्या धन्याचं मुंबईशी असलेलं नातं, जे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

बरगशचा बाप सय्यद सईद हा ओमानचा सुलतान. त्याने आपली राजधानी मस्कतहून झांझिबारला हलवली, बेटावर लवंगांची लागवड वाढवली आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा व्यापार आपल्या हाती घेतला. मुंबईशी त्याचं येणंजाणं जुनं. त्याच्यासाठी ‘लिव्हरपूल’ नावाची चौऱ्याहत्तर तोफांची नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली. १८२६ साली ती पाण्यात उतरली, आणि पुढे दहा वर्षांनी सईदने ती इंग्लंडच्या राजाला भेट दिली. जकातीचा मक्ता कच्छी व्यापाऱ्यांकडे, व्यवहारात रुपया, आणि मोसमी वाऱ्यावर ये-जा करणारी गलबतं. डिसेंबरच्या सुमारास ईशान्येचा वारा धरून यायचं, एप्रिलनंतर वारा फिरला की परतायचं. मुंबई आणि झांझिबार ही त्या काळात एकाच अंगणातली दोन बंदरं होती.

सईद १८५६ साली समुद्रप्रवासातच वारला. मागे छत्तीस मुलं हयात होती, आणि एकजात सगळी उपस्त्रियांच्या पोटची. झांझिबारची गादी त्यांतल्या माजिदला, बरगशच्या भावाला मिळाली. बरगशला ते मान्य नव्हतं. १८५९ साली त्याने बंड केलं आणि ‘मार्सेय’ नावाच्या मळ्यात ठाण मांडलं. इंग्रज कॉन्सल रिग्बी माजिदच्या बाजूने उतरला, नौसैनिक आले, बंड मोडलं. झांझिबारचा कॉन्सल त्या वेळी मुंबई सरकारच्या हाताखाली असे. साहजिकच बरगशची रवानगी मुंबईला झाली. त्याच्याबरोबर अब्द अल-अझीझ हा बारा वर्षांचा भाऊ आपणहून निघाला. त्याला कुणी शिक्षा केली नव्हती. भावाला एकटं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

बरगश सुमारे दोन वर्षं मुंबईत होता. ती दोन वर्षं कोणती, हे बघण्यासारखं आहे. १८५४ साली पावसाने ओढ दिल्यावर मुंबईच्या विहिरी-तलाव आटले होते. त्यानंतर विहारच्या खोऱ्यात धरण घालण्याचं काम सुरू झालं, आणि १८६० साली ते पुरं होऊन शहरात नळाने पाणी येऊ लागलं. विहिरी, तलाव आणि भिस्ती यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या शहरात मैलोन्‌मैल दूरचं पाणी लोखंडी नळातून वाहत आलं, तेव्हा हा विशीतला हद्दपार राजपुत्र त्याच शहरात राहत होता. त्याच्या मनात काय आलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण पुढे १८७० साली माजिद वारल्यावर तो स्वतः सुलतान झाला, तेव्हा त्याच्या हातून झालेल्या कामांत सगळ्यांत टिकाऊ काम पाण्याचं ठरलं. गावाच्या उत्तरेच्या चेमचेम झऱ्याचं पाणी त्याने पाट बांधून स्टोन टाऊनमध्ये आणलं. तो गादीवर बसला त्याच्या आधीच्याच वर्षी बेटावर कॉलऱ्याने हजारो माणसं नेली होती. गावातलं विहिरीचं पाणी माणसाच्या जिवावर उठलं होतं. अशा गावात पाणी आणणाऱ्या राज्यकर्त्याला मी त्याच्या सगळ्या महालांपेक्षा वर ठेवतो.

आणि महाल त्याने पुष्कळ बांधले. दक्षिणेला चुकवानी, उत्तरेला मारुहुबी, गावात समुद्रासमोर १८८३ साली बैत अल-अजाइब, म्हणजे नवलांचा वाडा. तिथे विजेचे दिवे लागले आणि वरच्या मजल्यावर न्यायला पाळणा, म्हणजे लिफ्ट, बसला. भोवतालच्या मुलखाला तेव्हा वीज ऐकूनसुद्धा ठाऊक नव्हती.

मारुहुबी मात्र दरबारासाठी नव्हता. गावापासून दूर, वाऱ्यावर, झाडीत बांधलेला तो राहता महाल होता. बेटावरचं बांधकाम प्रवाळाच्या दगडाचं. समुद्रातून वर आलेला हा खडबडीत, सच्छिद्र दगड चुन्यात बसवतात, अगदी आपल्याकडे जांभा चिऱ्यांचं घर उठतं तसा. छताला कांदळवनातले सरळसोट वासे. या वाशांची लांबी बेताची, त्यामुळे इथल्या घरांच्या खोल्या लांबलचक पण अरुंद असतात. मारुहुबीत मात्र खालचं तेवढं दगडी होतं. वरचा भाग बराचसा लाकडाचा, आणि चारी बाजूंनी रुंद लाकडी सज्जे. आज दिसणारे खांब त्या सज्जांचा भार उचलायला होते. १८९९ च्या आगीत लाकूड तेवढं गेलं. दगड राहिला, चुना राहिला, पाणी वाहून नेणारा पाट राहिला. हमामखान्यातला संगमरवर आगीतून वाचला होता, पण तो पुढे लोकांनी उचकटून नेला.

हमामखाना बघायला मला नेहमी जास्त वेळ लागायचा. फारशी पद्धतीचं घुमटी बांधकाम, सुलतानासाठी एक भाग, बायकांसाठी निराळा. बाहेर उंचावरून येणारा पाट, त्याचं पाणी टाक्यात, टाक्यातून आत. उतार कसा काढला असेल, पाणी कुठे अडवलं आणि कुठे सोडलं, हे उभ्या भिंतींवरून अजून ओळखता येतं. कोकणातल्या पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे वाचायला अवघड नाही. जवळच कमळांची तळी होती.

भोवतीच्या बागेबद्दल असं सांगतात, की १८७५ साली बरगश इंग्लंडला गेला होता, व्हिक्टोरिया राणीला भेटला, तिथल्या सरदारांच्या विस्तीर्ण, भिंतींनी वेढलेल्या बागा त्याने पाहिल्या आणि तसंच काही आपल्या बेटावर करावं असं त्याला वाटलं. म्हणून मारुहुबीच्या भोवती लांब भिंत घातली. भिंतीच्या आत मात्र ओक किंवा बीच लावून चालणार नव्हतं. लावले ते आंबे. आंबा मूळचा आपल्याकडचा, पण फार पूर्वी समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर आलेला आणि इथला होऊन गेलेला. कल्पना इंग्लंडची, झाड हिंदुस्थानचं, माती आफ्रिकेची आणि धनी ओमानी अरब. मला ही बाग आवडते ती यासाठीच. तिच्यात कोणतीही एक संस्कृती शुद्ध स्वरूपात सापडत नाही.

झाडं पाहताक्षणी कळतात. कलमाचं झाड इतकं उंच जात नाही. ही बाठीवरून वाढलेली रायवळ झाडं, बुंधे भल्या घेराचे, फांद्या माणसाच्या हाताबाहेर. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने हंगाम आपल्या उलटा, आंबे डिसेंबर-जानेवारीत पिकतात. आपल्याकडे मोहर धरत असतो तेव्हा इथे खाली पडलेल्या आंब्यांना माश्या लागलेल्या असतात. महाल ज्या मालकांचा होता त्यांचं राज्यही आता नाही, १९६४ च्या क्रांतीत ते संपलं. झाडांना मात्र राखणीसाठी कुणी सुलतान लागला नाही.

आता नव्व्याण्णवांबद्दल बोलायला हवं.

मारुहुबीत गेलात की पहिलं वाक्य ऐकू येतं ते हेच: इथे सुलतानाची एक बायको आणि नव्व्याण्णव उपस्त्रिया राहायच्या. प्रत्येक वाटाड्या हे सांगतो, प्रवासी पुस्तकांत हेच छापलेलं असतं, ऐकणारे डोळे मोठे करतात, पुरुष एकमेकांकडे बघून हसतात. आकडा खरा की लोकांनी गोल करून घेतलेला, हा प्रश्न बाजूला ठेवतो. मला खुपतं ते निराळंच. या महालाबद्दल लोकांच्या लक्षात राहिलेली एकमेव गोष्ट म्हणजे एक संख्या, आणि त्या संख्येतल्या एकीचंही नाव कुणाला सांगता येत नाही. त्या कुठून आल्या, कोणत्या भाषेत आपसात बोलायच्या, बरगश १८८८ साली वारल्यावर कुठे गेल्या, ११ वर्षांनी महाल जळाला तेव्हा त्यांतली कुणी तिथे होती का, यातलं काहीही त्या खांबांपाशी कळत नाही.

त्या बायका गुलाम होत्या. हे स्पष्ट म्हटलं पाहिजे, कारण ‘जनानखाना’ म्हटलं की कानाला अत्तराचा वास येतो आणि बेडी दिसेनाशी होते. स्टोन टाऊनचा गुलामांचा बाजार बरगशच्याच कारकिर्दीत, ५ जून १८७३ रोजी बंद झाला. तो त्याने मनाने बंद केला नव्हता. आधी बार्टल फ्रेअर बोलणी करायला आला, मुंबईचा माजी गव्हर्नर, तोच ज्याच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले. बरगशने त्याला नकार दिला. आदल्याच वर्षीच्या चक्रीवादळाने बेटावरची लवंग झोपवली होती, जहाजं बुडवली होती, आणि त्यात मजूर आणणाऱ्या व्यापारावर घाला. शेवटी कॉन्सल कर्कने बंदराची नाकेबंदी करण्याची धमकी दिली तेव्हा त्याने सही केली. सहीने समुद्रावरचा व्यापार आणि बाजार बंद झाला, बेटावरची गुलामी नाही. मारुहुबी बांधला जात होता त्या वर्षांत इथे माणूस मालकीचा असणं पूर्ण कायदेशीर होतं. १८९७ च्या फर्मानाने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली, पण त्यातूनही उपस्त्रियांना वगळलं होतं. त्यांना १९०९ पर्यंत थांबावं लागलं. मारुहुबी राख होऊन दहा वर्षं झाली तरी कायद्याच्या लेखी त्या मोकळ्या झालेल्या नव्हत्या.

बरगशला हे जग बाहेरून कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याची स्वतःची आई हबशी उपस्त्री होती. धर्मशास्त्राप्रमाणे अशा आईचं मूल स्वतंत्र आणि वारसदार ठरे, म्हणून तो सुलतान होऊ शकला.

या जनानखान्यांच्या आतून आलेला एकच सविस्तर आवाज आपल्याजवळ आहे, आणि तो मारुहुबीतून नाही. तो आला थोडं पुढे, उत्तरेला, म्तोनीच्या महालातून. तिथे ३० ऑगस्ट १८४४ रोजी सईदची मुलगी सालमे जन्मली, एका सर्केशियन, म्हणजे कॉकेशसच्या डोंगराळ मुलखातल्या, उपस्त्रीच्या पोटी. म्तोनी हा सईदचा आवडता महाल. चौकात हरणं, मोर, रोहित पक्षी, शहामृग मोकळे फिरायचे. एका बाजूला न्हाणीघरांची रांग. समुद्राकडे एक मोठा गोल लाकडी सज्जा, आणि त्यात मांडीच्या जुन्या जखमेमुळे लंगडत येरझाऱ्या घालणारा, विचारात बुडालेला बाप. हे सारं आपल्याला कळतं ते सालमेने १८८६ साली जर्मन भाषेत आपल्या आठवणी छापल्या म्हणून. म्तोनीचा महाल १९१४ साली जळाला. आज त्याचे अवशेष तेलाच्या टाक्यांच्या शेजारी आहेत.

मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही. सालमे उंटाच्या खांद्याच्या हाडावर कुराणातली अक्षरं गिरवून चोरून लिहायला शिकली. १८५९ च्या बंडात लिहिता येणारं विश्वासाचं माणूस हवं होतं, तेव्हा बरगशच्या गुप्त चिठ्ठ्या लिहिण्याचं काम या पंधरा वर्षांच्या मुलीकडे आलं. बंड फसलं. भाऊ मुंबईला गेला, बहीण मागे राहून बोलणी खात राहिली. पुढे ती रूएटे नावाच्या हाम्बुर्गच्या व्यापाऱ्याच्या प्रेमात पडली, १८६६ साली इंग्रज युद्धनौकेतून एडनला निघून गेली, बाप्तिस्मा घेऊन तिने लग्न केलं आणि एमिली रूएटे झाली. १८७० साली नवरा ट्रामच्या अपघातात गेला. परक्या, थंड गावात पदरी तीन मुलं.

बरगश १८७५ साली लंडनला आला तेव्हा ती त्याला भेटायला म्हणून तिथे गेली. पुन्हा फ्रेअर आडवा आला. सुलतानाच्या पाहुणचारात विघ्न नको, भेटीचा नाद सोडलात तर मुलांच्या शिक्षणाचं बघू, असा त्याचा शब्द. तिने नाद सोडला. शब्द पाळला गेला नाही. त्यानंतर दहा वर्षांनी ती झांझिबारला आली ती बिस्मार्कच्या आरमाराबरोबर. त्या तोफा तिच्या भावाच्या महालावर रोखलेल्या होत्या, आणि ती मुख्य भूमीवरच्या जर्मन दाव्यांसाठी वापरलं जाणारं प्यादं होती. गावातले लोक तिला बघायला रस्त्यावर लोटले. बरगशने तिला भेट दिली नाही, वारसाही दिला नाही. जिच्या अक्षरांवर त्याने एकदा आपलं बंड सोपवलं होतं, तिच्याशी तो पुन्हा कधीही बोलला नाही. बरगशबद्दलचा माझा आदर इथे येऊन थांबतो.

सालमेलाही मी देव्हाऱ्यात बसवत नाही. तिने आपल्या आठवणींत अरबांच्या गुलामीची पाठराखण केली आहे, युरोपीय लोकांना तिच्यातलं काही समजत नाही असं लिहिलं आहे. जिची आई लहानपणी घरातून ओढून आणलेली होती तिने हे लिहावं, हे वाचताना जड जातं. पण तिने लिहिलं, म्हणून म्तोनीतल्या बायकांना नावं आहेत, स्वभाव आहेत, रुसवे-फुगवे आहेत, आवडीचे दागिने आहेत. मारुहुबीला सालमे मिळाली नाही. दोन महाल, एकाच घराण्याचे, एकाच किनाऱ्यावरचे, दोन्ही आगीत गेलेले. एकात आपल्याला माणसं भेटतात आणि दुसऱ्यात आकडा.

बरगशनंतरचं थोडक्यात सांगतो. १८८६ च्या करारात इंग्रज आणि जर्मन यांनी त्याचा आफ्रिकेतला मुलूख वाटून घेतला, त्याला किनाऱ्याची दहा मैलांची पट्टी ठेवली. १८९० साली झांझिबार इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेलं. २७ ऑगस्ट १८९६ रोजी बरगशचा मुलगा खालिद गादीवर हक्क सांगून बसला असताना इंग्रज नौकांनी गावातल्या महालांवर तोफा डागल्या, पाऊण तासाच्या आत सगळं संपलं. जगातलं सर्वांत लहान युद्ध म्हणून आजही ते गमतीने सांगतात, पण त्या पाऊण तासात सुमारे पाचशे माणसं मेली किंवा जखमी झाली. बैत अल-अजाइब त्यातून वाचला आणि सव्वाशे वर्षं उभा राहिला. २५ डिसेंबर २०२० रोजी दुरुस्ती चालू असताना त्याचा मोठा भाग कोसळला, आत काम करणारे दोघे गेले. ती बातमी आली त्या दिवशी मी फार अस्वस्थ होतो.

मारुहुबीचे खांब पुन्हा डागडुजी करून उभे ठेवावेत, पाट आणि टाकं मोकळं करावं, नवी झाडं लावताना बाठीचे आंबेच लावावेत, असं मला मनापासून वाटतं. महाल पुन्हा बांधू नये. पण वाटाड्याच्या तोंडचं ते पहिलं वाक्य बदलायला हवं, आणि त्यासाठी कागद लागतील.

ते कागद आहेत. मुंबईत राज्याच्या पुराभिलेखागारात मुंबई सरकारच्या राजकीय खात्याची झांझिबारसंबंधी दफ्तरं आहेत. व्यापाराच्या इतिहासकारांनी ती वापरली आहेत, मराठीत मात्र त्यांतलं जवळजवळ काहीच आलेलं नाही. ज्या रिग्बीने बरगशला पकडवलं, त्यानेच १८६० च्या सुमारास झांझिबारमधल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या ताब्यातले हजारो गुलाम सोडवले. हो, आपल्या किनाऱ्यावरून गेलेले व्यापारीही माणसं विकत घेऊन ठेवत होते, आणि त्यांत मोठमोठी नावं होती. सोडवलेल्यांच्या याद्या त्याने करून घेतल्या. त्या याद्यांत माणसाला नाव असतं, वय असतं, आणि त्याचा मालक कोण होता हेही लिहिलेलं असतं. इतिहास शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुलीने किंवा मुलाने मुंबईतल्या त्या दफ्तरांपासून सुरुवात करावी, मग झांझिबारच्या अभिलेखागारात जाऊन बसावं. स्वाहिली शिकायला फार जड नाही, मी वयाच्या चाळिशीत बोलण्यापुरती शिकलो. वाचण्यासाठी कुणी निघणार असेल, तर राहायची सोय आणि बोटीचं तिकीट मी बघतो.